रेंज नसलेल्या खोलीतून फोन: वाय-फाय कॉलिंग सुरू कसं करायचं आणि अडलं तर कुठे बघायचं

"एक मिनिट हं, खिडकीपाशी येतो, मग बोल." घरात वाय-फायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या, व्हिडिओ न अडखळता चाललेला, आणि साधा फोन मात्र गॅलरीत उभं राहून घ्यायचा. दोष बहुधा इमारतीच्या अंगातच असतो. सळयांचं काँक्रीट आणि ऊन अडवण्यासाठी धातूचा पातळ थर दिलेल्या काचा, या दोन्हींतून आत येईपर्यंत टॉवरचा सिग्नल निम्मा मरतो. तळघराचं तर विचारूच नका. राउटर मात्र भिंतींच्या आतच बसलेला असतो. मग टॉवर गाठायची धडपड सोडून फोनने नेहमीचाच कॉल राउटरवरून नेला तर? तेच वाय-फाय कॉलिंग. मोबाइल कंपन्यांच्या बोलीत व्होवायफाय.

म्हटलं तर एका बटणाचं काम आहे. पण ते बटण फोनमध्ये दिसणं, ते चालू करता येणं आणि चालू असताना कॉल खरोखर वाय-फायवरून जाणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. नवखा माणूस इथेच घोटाळतो आणि राउटर बदलायला निघतो. राउटर बिचारा बऱ्याचदा निर्दोष असतो. या सगळ्या प्रकरणात शेवटचा शब्द मोबाइल कंपनीचा असतो, तुमच्या फोनचा नाही आणि वाय-फायचाही नाही. हे एकदा ध्यानात घेतलं की पुढचं बरंच कोडं सुटतं.

व्हॉट्सअ‍ॅप कॉलपेक्षा हे वेगळं कसं

व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायचं तर दोन्हीकडे तेच अ‍ॅप लागतं, दोन्हीकडे नेट लागतं. वाय-फाय कॉलिंगमध्ये तुमचा नंबर तोच, डायलर तोच आणि समोरच्याकडे साधा बटणांचा फोन किंवा लँडलाइन असली तरी चालतं. तुम्ही वाय-फायवरून बोलताय हे त्याला कळतसुद्धा नाही. त्याने तुम्हाला फोन केला तरी तो तसाच राउटरवरून येतो. आणखी एक फायदा लोकांच्या फार उशिरा लक्षात येतो: एसएमएसही सहसा याच वाटेने येतात. रेंज नाही म्हणून ओटीपी अडकला, आणि ओटीपी अडकला म्हणून पैसे भरायचे राहिले, हा ताप यातून संपतो. माझ्या मते कॉलपेक्षाही हे मोठं सुख आहे.

आतून काय घडतं ते थोडक्यात. फोन इंटरनेटवरून तुमच्या मोबाइल कंपनीच्या एका दारापर्यंत एन्क्रिप्ट केलेला बोगदा खणतो. या दाराचं तांत्रिक नाव ईपीडीजी. दारावर ओळख पटवतं ते तुमचं सिमकार्ड. पासवर्ड वगैरे काही नाही. आत शिरल्यावर कॉल आयएमएस नावाच्या यंत्रणेकडे जातो, आणि फोर-जीवरचे व्होल्टे कॉलही तीच सांभाळते. म्हणजे कंपनीच्या हिशेबात तुमचा राउटर हा आणखी एक टॉवरच.

मग हे आधीपासून का नव्हतं?

होतं, पण वेगळ्या रूपात. अमेरिकेत टी-मोबाइलने २००७ मध्येच वाय-फायवरून कॉल देणारी सेवा आणली होती. तेव्हाचं तंत्र यूएमए म्हणून ओळखलं जायचं आणि ते ज्यांत मुद्दाम घातलेलं आहे असे मोजकेच हँडसेट चालायचे. दुकानात जाऊन कोणताही फोन घेतला आणि झालं, असं नव्हतं. खरा फरक पडला सप्टेंबर २०१४ मध्ये, आयओएस ८ सोबत आयफोनमध्ये ही सोय आली तेव्हा. तरीही जगभरच्या आयफोनवर ती एका रात्रीत उगवली नाही, कारण प्रत्येक कंपनीने आपापलं दार बांधायचं होतं. ब्रिटनमध्ये ईई या मोबाइल कंपनीने ते एप्रिल २०१५ मध्ये उघडलं. अमेरिकेत एटी अँड टीला ऑक्टोबर २०१५ उजाडला, आणि त्यांचं अडलं होतं ते भलत्याच ठिकाणी. बहिऱ्या लोकांसाठीची टीटीवाय ही जुनी टंकलेखन सेवा वाय-फायवर नीट चालत नव्हती आणि नियमाने ती देणं बंधनकारक होतं. नियामक आयोगाकडून सवलत मिळेपर्यंत कंपनी थांबून राहिली. भारतात एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये सुरुवात केली आणि पाठोपाठ जानेवारी २०२० मध्ये जिओने.

हा इतिहास सांगायचं कारण एवढंच की आजही कारभार असाच चालतो. कंपनी आपल्या नेटवर्कवर एकेक फोन तपासते, त्या मॉडेलला मान्यता देते आणि मगच त्या मॉडेलवर बटण उमटतं. एकाच फोनमध्ये एका कंपनीचं सिम घातलं की बटण दिसतं, दुसरं घातलं की गायब होतं. फोन बिघडलेला नसतो.

पायरी १: सेटिंग्ज उघडण्याआधी

आधी कंपनीच्या साइटवर किंवा अ‍ॅपमध्ये बघा: वाय-फाय कॉलिंग आहे का, तुमच्या प्लॅनवर आहे का, आणि चालणाऱ्या फोनांच्या यादीत तुमचं मॉडेल आहे का. मॉडेल म्हणजे नुसतं दुकानातलं नाव नव्हे. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या मॉडेल नंबराने विकला जातो, आणि दुसऱ्या देशातून आणलेल्या फोनवर बटण न दिसण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. नंबर सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' खाली सापडतो.

दुसरं, सिम. दारावर ओळख पटवायची जी पद्धत आहे ती यूसिम, म्हणजे थ्री-जीपासून पुढच्या जमान्यातलं सिम मागते. टू-जीच्या जमान्यातलं सिम कापून कापून लहान करत आजवर वापरत असाल तर ते बदलून घ्या. नंबर तोच राहतो.

तिसरं, व्होल्टे चालू ठेवा. याचं कारण पुढे, चालता चालता बोलायच्या मुद्द्यात येईल.

चौथं म्हणजे अपडेट. आयफोनमध्ये 'जनरल' आणि मग 'अबाउट' उघडून जरा वेळ तिथेच थांबा. कंपनीच्या सेटिंग्जचं नवं अपडेट असेल तर विचारणा आपोआप वर येते. हे आयओएसच्या अपडेटपेक्षा वेगळं असतं. अँड्रॉइडमध्ये ही माहिती बहुधा सिस्टिम अपडेटबरोबरच येते.

पायरी २: बटण

मेन्यूची नावं दर आवृत्तीत बदलतात, म्हणून सर्वांत सोपा रस्ता आधी: सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'वाय-फाय कॉलिंग' टाका. नाही सापडलं तर आयफोनमध्ये 'सेल्युलर' किंवा 'मोबाइल सर्व्हिस' खाली, सॅमसंगमध्ये 'कनेक्शन्स' खाली आणि बाकी बऱ्याच अँड्रॉइड फोनांत 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'सिम्स' असं जाऊन बघा. दोन सिम असतील तर दोघांची बटणं वेगवेगळी असतात. एक चालू करून दुसऱ्या सिमवर कॉल का येत नाही म्हणून डोकं धरून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांत एक मीही होतो.

काही अँड्रॉइड फोन पुढे विचारतात: पहिली पसंती वाय-फायला की मोबाइल नेटवर्कला? घरात रेंज अगदीच नसेल तर वाय-फाय निवडा. रेंज बरी असेल आणि वाय-फाय कुरकुरं असेल तर मोबाइल नेटवर्क ठेवा, म्हणजे गरज पडली तरच फोन वाय-फायकडे वळेल. बटण चालू केल्यावर फोन एकदा बंद करून पुन्हा सुरू करा.

पायरी ३: खरंच वाय-फायवरून जातोय का?

बटण हिरवं दिसलं की लोक निश्चिंत होतात. तपासून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

फोन एअरप्लेन मोडवर टाका. वरच्या पट्टीतल्या रेंजच्या दांड्या जातात आणि विमानाचं चिन्ह येतं. वाय-फायही बंद झालं असेल तर तेवढं पुन्हा चालू करा. आता फोन टेबलावर ठेवा आणि त्या पट्टीकडे बघत राहा. आधी वाय-फायचं पंख्यासारखं चिन्ह येतं. मग काही सेकंद काहीच होत नाही. फोन त्या दाराशी बोलत असतो. आणि मग आयफोन असेल तर कंपनीच्या नावापुढे 'वाय-फाय' ही अक्षरं उमटतात (खाच असलेल्या नव्या आयफोनांत त्यासाठी कंट्रोल सेंटर खाली ओढून बघावं लागतं). अँड्रॉइडमध्ये रिसिव्हरच्या कडेला छोटा पंखा असलेलं चिन्ह येतं, काही फोनांत सरळ 'व्होवायफाय' लिहून येतं. टॉवरशी संबंध तोडलेल्या फोनवरून आता कोणालाही कॉल लावा. लागला, तर तो वाय-फायवरूनच लागलाय. शंकेला जागाच नाही. मग दुसऱ्या फोनवरून स्वतःला कॉल करून बघा आणि एक एसएमएसही पाठवून बघा. जाणारा कॉल लागतो पण येणारा वाजत नाही, असाही प्रकार होतो, आणि तो दोष कंपनीकडच्या नोंदणीचा असू शकतो.

चिन्ह आलंच नाही तर फोन दुसऱ्या एखाद्या वाय-फायला जोडा. दुसऱ्या मोबाइलचा हॉटस्पॉटही चालेल. तिथे आलं, तर अडचण तुमच्या वाय-फायमध्ये आहे, पुढची पायरी वाचा. तिथेही नाही आलं, तर अडचण फोन किंवा कंपनीत आहे, सरळ शेवटच्या भागाकडे जा. काही अँड्रॉइड फोनांत डायलरवर *#*#४६३६#*#* टाकलं की चाचणीचा पडदा उघडतो. तिथे आयएमएसची स्थिती बघता येते. नुसतं बघा, बटणं चिवडू नका.

पायरी ४: वाय-फायची तब्येत

इथे नेटचा वेग हा मुद्दाच नसतो. साध्या एचडी आवाजाला सेकंदाला १२.६५ किलोबिट पुरतात. फोन तुमचं बोलणं २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापतो, म्हणजे सेकंदाला ५० तुकडे. आवाजाचा एकेक तुकडा अवघा ३३ बाइटांचा. पण प्रत्येकावर पत्ता, क्रमांक आणि एन्क्रिप्शनची वेष्टनं चढतात आणि पाकीट पत्राच्या कितीतरी पट जड होतं. तरीही जाऊन-येऊन सगळा हिशेब मिनिटाला साधारण एक एमबीच्या आसपास बसतो. म्हणजे अगदी स्वस्तातलं ब्रॉडबँडही पुरतं.

मग आवाज तुटतो कशाने? तुकडे वेळेवर न पोचल्याने. व्हिडिओ पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो, त्यामुळे दोन सेकंद नेट अडखळलं तरी कळत नाही. बोलणं साठवता येत नाही. घरात कोणाचा फोन त्याच वेळी ढीगभर फोटो क्लाउडवर चढवत असेल तर अपलोडची वाट तुंबते आणि तुमचे इवलेसे तुकडे त्या रांगेत मागे उभे राहतात. तुम्हाला समोरचा स्वच्छ ऐकू येतो आणि तो मात्र "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय" म्हणत राहतो, तेव्हा शंभरातली नव्वद शंका अपलोडवर घ्यावी. राउटरमध्ये क्यूओएसची, म्हणजे कोणत्या वाहतुकीला आधी वाट द्यायची ते ठरवण्याची सोय असेल तर चालू करा. नसेल तर तो अपलोड थांबवा.

दुसरा शत्रू म्हणजे एका दांडीचं वाय-फाय. फोन त्याला सोडतही नाही आणि धड चालवतही नाही. आवाजासाठी सिग्नल उणे ६७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून बरा हवा (डीबीएम हे सिग्नलच्या जोराचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). वाय-फाय तपासायच्या एखाद्या फुकट अ‍ॅपमध्ये हा आकडा दिसतो. उणे ८० दिसत असेल तर राउटर सरकवा.

तिसरी अडचण दिसत नाही, म्हणून जास्त छळते. बोगदा खणायला फोनला यूडीपी या पद्धतीने पाठवलेल्या माहितीसाठीचे ५०० आणि ४५०० हे दोन पोर्ट, म्हणजे नेटवरच्या क्रमांकित वाटा, बाहेर जायला मोकळे लागतात. घरच्या राउटरवर ते सहसा असतात. नसतील तर 'आयपीसेक पासथ्रू' नावाची सेटिंग शोधून चालू करा. ऑफिसांत, कॉलेजांत आणि हॉटेलांत मात्र ते बंद असू शकतात. एका ऑफिसात महिनाभर मी फोनलाच दोष देत होतो. सेटिंग्ज पुसून झाल्या, सिम बदलून झालं. मग एकदा सहज शेजारच्याच्या हॉटस्पॉटला जोडलं आणि चौथ्या सेकंदाला चिन्ह हजर. नेटवर्क सांभाळणाऱ्याला पोर्टचे दोन आकडे चिठ्ठीवर लिहून दिले, त्याने ते उघडले, संपलं. महिन्याचं काम दहा मिनिटांचं निघालं याचा राग अजून गेलेला नाही.

ब्राउझरमध्ये नाव-नंबर भरून आत सोडणारं सार्वजनिक वाय-फाय असेल तर ते सोपस्कार पुरे केल्याशिवाय वाय-फाय कॉलिंगही सुरू होत नाही.

बोलता बोलता घराबाहेर पडलात तर

दारातून बाहेर पडताना वाय-फाय सुटतं आणि कॉल टॉवरवर उडी घेतो. बाहेर फोर-जी किंवा फाइव्ह-जी असेल आणि व्होल्टे चालू असेल, तर ही उडी कळतही नाही. दोन्ही वाटा शेवटी त्याच आयएमएस यंत्रणेत मिळतात, कॉल फक्त दार बदलतो. बाहेर फक्त टू-जी किंवा थ्री-जी असेल तर बहुतेक वेळा कॉल कट होतो. व्होल्टे चालू ठेवा म्हटलं ते यासाठी. महत्त्वाचा कॉल असेल तर जिथे सुरू केलात तिथेच संपवा.

पैसे, आणि परदेश

वाय-फाय कॉलिंग म्हणजे फुकट कॉलिंग नव्हे. कॉल सहसा तुमच्या प्लॅनमधल्या मिनिटांतूनच जातो. कंपनी वेगळे पैसे बहुधा लावत नाही, पण सूटही देत नाही.

परदेशात मात्र हे हुकमी पान ठरू शकतं. बऱ्याच कंपन्या परदेशातल्या वाय-फायवरून मायदेशी केलेला कॉल घरून केल्यासारखाच धरतात. पण काही कंपन्या देशाबाहेरच्या नेटवरून दार उघडतच नाहीत. निघण्याआधी लेखी विचारून ठेवा. दुसरी मेख अशी की ज्या देशात गेलात तिथल्याच हॉटेलला फोन लावलात तर तो आंतरराष्ट्रीय कॉल मोजला जाऊ शकतो, कारण कंपनीच्या लेखी तुम्ही अजून घरीच आहात. फोन एअरप्लेन मोडवर ठेवून फक्त वाय-फाय चालू ठेवलंत की रोमिंगचं बिल चढायची भीतीही नाही.

अडीअडचणीचा कॉल

पोलीस, रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाला केलेला कॉल फोन आधी मोबाइल नेटवर्कवरूनच लावायचा प्रयत्न करतो, कारण टॉवरवरून जागा कळते. राउटर कुठे ठेवलाय हे कंपनीला ठाऊक नसतं. म्हणून अमेरिकेत बटण चालू करतानाच घरचा पत्ता भरून घेतात. तुमच्या फोनने असा पत्ता विचारला तर खरा भरा आणि घर बदललं की तोही बदला. आणि वीज गेली की राउटर गेला, राउटर गेला की वाय-फाय कॉलिंगही गेलं. घरात मोबाइलची रेंज अजिबात येत नसेल तर राउटरला छोटा यूपीएस लावणं ही चैन नाही.

कोणी ऐकेल का?

हॉटेलच्या वाय-फायचा मालक ऐकू शकत नाही, कॉल बोगद्यातून जातो. बोगद्याची पक्की बांधणी मात्र कंपनीवर अवलंबून. २०२४ मध्ये ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की १३ मोबाइल कंपन्यांची दारं त्याच त्या १० खासगी चाव्यांवर, म्हणजे एन्क्रिप्शनच्या गुप्त आकड्यांवर चालत होती, आणि त्या प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असायला हव्यात. यात ग्राहकाने करण्यासारखं एकच: फोनचे अपडेट टाळू नका.

कस्टमर केअरला काय सांगायचं

"माझं वाय-फाय कॉलिंग चालत नाही" असं म्हणालात तर "राउटर बंद करून चालू करा" हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी आधी माहिती जमवा: मॉडेल नंबर, सॉफ्टवेअरची आवृत्ती, सिम कोणत्या स्लॉटमध्ये आहे आणि कोणकोणत्या वाय-फायवर करून पाहिलं. मग असं विचारा: "माझ्या नंबरवर व्होल्टे आणि व्होवायफाय दोन्ही प्रोव्हिजन झालेले आहेत का, ते बघून सांगाल का? दोन वेगवेगळ्या नेटवर करून पाहिलं, एअरप्लेन मोडमध्येही पाहिलं, नोंदणी होत नाही." 'प्रोव्हिजन' (कंपनीच्या यंत्रणेत तुमच्या नंबरासाठी सेवा चालू केलेली असणं) हा शब्द वापरा, तो ऐकला की समोरचा माणूस छापील प्रश्नांची यादी सोडून तुमच्या नंबराची नोंद उघडायची शक्यता वाढते. तक्रार क्रमांक लिहून घ्या. त्यांनी काही बदललं असं सांगितलं तर फोन बंद करून सुरू करा आणि तिसऱ्या पायरीची एअरप्लेन मोडची चाचणी पुन्हा लावा, शक्यतो फोन न ठेवता, दुसऱ्या नंबरवरून बोलत असतानाच.